मागच्या खोलीतला कापूस

२०२२ च्या दिवाळीपासून ते थेट पुढच्या मे महिन्यापर्यंत आमच्या मागच्या खोलीत छताला टेकेल इतका कापूस भरलेला होता. आदल्या हंगामात क्विंटलला दहा-बारा हजार भाव निघाला होता म्हणून आप्पा म्हणाले, थांबू, येईल वर. खोलीत गेलं की अंगाला खाज सुटायची, कापूस पिवळा पडायला लागला, आणि कोणाचाही फोन आला की आधी तेच, "कापूसले काय भाव शे?" शेवटी सात हजाराच्या आसपास मोजून दिला, त्या रात्री आप्पा जेवले नाहीत.

तेव्हापासून एक गोष्ट माझ्या डोक्यात पक्की बसलीय. आपण म्हणतो आपला जगाच्या बाजाराशी काय संबंध, अरे आपलं अख्खं घर त्यावरच चालतं! ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने आपल्या मालावर ५० टक्के टॅरिफ (आयात कर) लावला आणि त्याच महिन्यात सरकारने कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क काढलं, आधी सप्टेंबरअखेर, मग वाढवून डिसेंबरअखेर, म्हणजे ऐन वेचणीत. टॅरिफनंतर कापड गिरण्यांना स्वस्त रुई हवी होती हे कळतं मला, पण मार आपल्याला बसला.

म्हणजे शेत हाच आपला सगळ्यात मोठा शेअर आणि तो एकच. त्यात आमची बचत कुठे होती, तर गावच्या पतसंस्थेत आणि एका जिनिंगवाल्याकडे (कापसातून सरकी काढणाऱ्या कारखानदाराकडे) व्याजाने. कापसाचा भाव पडला की शेत, पतसंस्था, जिनिंगवाला तिन्ही एकदम अडकायचे. म्हणून आता नियम एकच, कापसाचा पैसा कापसापासून लांब ठेवायचा.

त्यासाठी पहिलं सोनं. आम्हा जळगावकरांना सोन्याचं काय सांगायचं, पण कारण समजून घ्या. सोन्याचा भाव डॉलरमध्ये ठरतो, रुपया पडला की आपल्याकडे आपोआप चढतो, आणि २०२२ पासून सलग तीन वर्षं जगभरच्या मध्यवर्ती बँकांनी दरवर्षी हजार टनांच्या वर सोनं घेतलं. सरकारी गोल्ड बाँड फेब्रुवारी २०२४ नंतर नवीन निघाले नाहीत म्हणून मी गोल्ड ईटीएफ घेतो, म्हणजे शेअर बाजारात मिळणारं कागदावरचं सोनं, दागिन्याची घडणावळ तरी वाचते. आईच्या पाटल्या मी गुंतवणुकीत धरत नाही, त्या तिच्या आहेत.

शेअरचं म्हटलं की आपल्याकडे लगेच जळगाव जिल्ह्यातलं अमळनेर निघतं, विप्रोचे शेअर नुसते ठेवून दिले आणि माणसं कुठल्या कुठे गेली. खरंय, पण १९४५ ला विप्रो तिथे वनस्पती तुपाची कंपनी म्हणून निघाली होती, ती पुढे साबणात गेली, मग कॉम्प्युटरमध्ये. काळ बदलला तशी कंपनीच बदलली म्हणून ठेवणाऱ्याचं भलं झालं. पुढची अशी कंपनी कुठली हे मला ओळखता येणार नाही, म्हणून बाजारातल्या ठरावीक मोठ्या कंपन्या एकत्र घेणाऱ्या इंडेक्स फंडात महिन्याची एसआयपी, म्हणजे दरमहा ठरलेली रक्कम, मागे पडलेली कंपनी तिथून आपोआप बाहेर जाते. आणि वर्षभराचा घरखर्च एफडीत, व्याज कमी झालं तरी चालेल, त्याला हात लावायचा नाही.

२०२५-२६ च्या हंगामात आप्पांनी निम्मा कापूस वेचणी झाली तसा सीसीआयला (सरकारी कापूस महामंडळाला) घातला, लांब धाग्याला हमीभाव ८११० होता. उरलेल्यासाठी थांबायचं का यावर आमचं अजून वाजतंय, पण एफडी आहे म्हणून आवाज चढत नाही. मागच्या खोलीत आईने पलंग टाकलाय.