तुम्ही विचारलंत म्हणून: सेन्सर कुठे लावायचा?

बेळगावच्या उद्यमबागेत माझं छोटं मशीन शॉप आहे. फॉर्म्युला स्टुडंटची, म्हणजे कॉलेजच्या पोरांच्या रेसिंग स्पर्धेची, गाडी बनवणारी पोरं दरवर्षी प्लेनम (इंजिनात जाणारी हवा जिथं साठते तो डबा) घेऊन येतात आणि विचारतात, "काका, प्रेशर सेन्सरचं भोक नेमकं कुठं मारायचं?"

ड्रिल लावण्याआधी मी त्यांना विचारतो, तुम्हाला कुठला दाब पाहिजे? इनटेकमध्ये, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या वाटेत, सगळीकडे एकच दाब नसतो. नियमाप्रमाणे पेट्रोलच्या गाडीची सगळी हवा 20 मिमीच्या रिस्ट्रिक्टरमधून, म्हणजे मुद्दाम अरुंद केलेल्या गळ्यातून, जाते. थ्रॉटल (ॲक्सिलरेटरने उघडणारी हवेची झडप) त्याच्या आधी, प्लेनम नंतर. इंजिन पूर्ण ताकदीने ओढायला लागलं की त्या गळ्यात हवा ध्वनीच्या वेगाला पोचते आणि तिथला दाब आधीच्या दाबाच्या जेमतेम 53 टक्के उरतो. पुढे कोन रुंदावत गेला की त्यातला बराच दाब परत मिळतो. म्हणजे भोक वीतभर इकडंतिकडं झालं तरी आकडा बदलतो.

म्हणून माझं उत्तर: मुख्य सेन्सर प्लेनमच्या बाजूच्या भिंतीत. रिस्ट्रिक्टरमधून येणारा झोत अंगावर घेणारी भिंत टाळा, रनरच्या (प्लेनममधून सिलिंडरकडे जाणाऱ्या नळीच्या) तोंडाजवळची जागाही टाळा. हवा जिथं निवांत असते तिथलाच दाब इंधनाच्या हिशोबाला उपयोगी पडतो.

भोक भिंतीला काटकोनात मारा. आतली बर (ड्रिलनंतर कडेला राहणारी धातूची कुसळं) नीट काढा, कड धारदार राहू दे, पण उंचवटा नको. हे मी दरवेळी सांगतो, कारण एकदा एका टीमनं ट्यूनिंग पूर्ण झाल्यावर निपल (होज जोडायची छोटी नळी) बदलला आणि नवा निपल आत 4 मिमी डोकावत होता. हवा त्या टोकाला वळसा घालून जाताना वेग घेते, त्यामुळे दाब खरा होता त्यापेक्षा कमी दिसायला लागला. ईसीयूला (इंजिनच्या कॉम्प्युटरला) वाटलं हवा कमी आहे, म्हणून त्यानं पेट्रोल कमी केलं. इंजिन इनटेकमधून उलटे बार काढायला लागलं. पोरांनी दोन रात्री इंजेक्टर तपासण्यात घालवल्या. त्या 4 मिलिमीटरनी पोरांच्या दोन रात्री घेतल्या याचं मला आजही वाईट वाटतं.

सिंगल सिलिंडर असेल तर आणखी एक गोष्ट. 6000 आरपीएमला इनटेक व्हॉल्व्ह सेकंदाला 50 वेळा उघडतो आणि दाब तितक्याच वेळा खाली जाऊन वर येतो. लॉगर (आकडे नोंदवणारं यंत्र) सेकंदाला 10 नोंदी घेत असेल तर पडद्यावर दिसणारी रेघ खऱ्या दाबाची नसतेच. क्रँकच्या (इंजिनच्या फिरणाऱ्या मुख्य दांड्याच्या) ठराविक कोनावर नोंद घ्यायला ईसीयूला सांगा. दुसरा सेन्सर परवडत असेल तर तो रनरमध्ये, व्हॉल्व्हच्या जवळ लावा. तिथला दाब धपकन खाली येतो, त्यावरून इनटेकचा स्ट्रोक कुठला हे ईसीयूला कळतं आणि एरवी हे सांगणाऱ्या कॅम सेन्सरशिवाय काम चालतं.

भोकापासून सेन्सरपर्यंतची होज आखूड ठेवा. सेन्सर भोकापेक्षा वर, म्हणजे आत जमलेलं पेट्रोल परत खाली उतरेल. तो इंजिनवर न बसवता फ्रेमवर, रबरात बसवा.

आता आपल्या गावची गोष्ट. चावी फिरवली, इंजिन बंद आहे, आणि सेन्सर 92-93 किलोपास्कल दाखवतो. "काका, हे बिघडलंय की! 101 यायला पाहिजे." बिघडलेलं नाही. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण 750 मीटरवर आहे, इथला दाब इतकाच. 101 बघायचा असेल तर चोर्ला घाट उतरून गोव्याच्या किनाऱ्यावर जा.

स्पर्धा मात्र कोईमतूरला, कारी मोटर स्पीडवेवर. ते गाव साधारण 400 मीटरवर, तिथं चावी फिरवली की 96 च्या आसपास येतं. नुसत्या थ्रॉटलच्या हिशोबावर इथं बेळगावात मॅप (कधी किती पेट्रोल सोडायचं याचा तक्ता) बांधला असेल, तर तिथं त्याच थ्रॉटलला चारेक टक्के जास्त हवा येणार आणि मिश्रण पातळ होणार. म्हणून थ्रॉटलच्या आधीचा, मोकळ्या हवेचा दाब वेगळा मोजा आणि त्याची दुरुस्ती ईसीयूत चालू ठेवा.

निघायच्या दिवशी चावी फिरवून आलेला आकडा टेपवर लिहून डॅशला चिकटवा. कोईमतूरला पहिल्या सकाळी, इंजिन चालू करायच्या आधी, त्याच्या खाली दुसरा आकडा लिहा. सगळे सेन्सर त्या क्षणी एकच दाब दाखवत नसतील, तर आधी होज बघा.