काठकुणी घराचा कोपरा उचलताना

कुल्लू खोऱ्यातल्या त्या दुमजली घराचा ईशान्येचा कोपरा बसला होता. बाहेर झुकलेला सज्जा खालूनही नजरेला येत होता. घर काठकुणी पद्धतीचं. काठ म्हणजे लाकूड, कुणी म्हणजे कोन. देवदाराच्या दोन समांतर तुळया, एक भिंतीच्या आतल्या बाजूला, एक बाहेरच्या. मध्ये सुके दगड. त्यावर तुळईच्याच जाडीचा दगडांचा थर, मग परत लाकूड. चुना नाही, सिमेंट नाही. आतल्या-बाहेरच्या तुळया फाकू नयेत म्हणून ठरावीक अंतरावर आडवा लाकडी तुकडा बसवतात, दोन्ही टोकांना डव्हटेल, म्हणजे कबुतराच्या शेपटीसारखी बाहेर रुंदावणारी खाच-जोड. त्याला 'मानवी' म्हणतात. लाकडी खिळा तो 'कडील'.

कोपऱ्यात मात्र दगड जवळजवळ नसतोच. दोन भिंतींच्या तुळया आळीपाळीने एकमेकींवर आडव्या चढत जातात, म्हणजे कोपरा हा लाकडाचाच खांब. भूकंपात दगड एकमेकांवर घासतात, सांधे थोडे हलतात आणि हादरा तिथेच जिरतो. 4 एप्रिल 1905च्या कांगडा भूकंपातून नग्गरचा किल्ला तगला तो अशाच बांधणीमुळे. पण खालचीच तुळई सडली, तर अख्ख्या कोपऱ्याचं ओझं भुशावर येतं.

सडण्याचं कारण शोधायला लांब जावं लागलं नाही. अंगण काँक्रीटचं केलेलं, त्यामुळे जमीन वीतभर वर आलेली, उतार भिंतीकडे. भिंतीचा खालचा मीटरभर भाग 'मजबुतीसाठी' जाळी ठोकून सिमेंटने लिंपलेला. पाणी दगडी जोत्यातून वर चढायचं आणि गिलाव्यामागे कोंडून राहायचं. गिलावा फोडून ओलावामापक लावला तर तुळईत 28 टक्के. दोन मीटर वर, उघड्या लाकडात 13. साधारण 20च्या वर लाकूड गेलं की बुरशीला मोकळं रान. देवदारात तेल असतं, वाळवी सहसा लागत नाही, पण सतत ओलं ठेवलं तर तोही हरतो. हातोडीने ठोकलं की वर टणत्कार यायचा, इथे भद्द. पटाशी बोटभर आत जात होती.

आदल्या दिवशी सज्ज्याला बल्ल्यांचा, म्हणजे लाकडी वाशांचा, टेकू देऊन झाला होता आणि त्या कोपऱ्यावरचे स्लेटचे दगड उतरवले होते. सकाळी दुसऱ्या लाकडी थराखालचे दगड काढून भिंतीतून दोन आडव्या तुळया आरपार घातल्या, त्यांच्या टोकांखाली 20 टनी जॅक. वरच्या प्रत्येक सांध्यावर पेन्सिलची उभी रेघ मारली. रेघ तुटली की काम थांबवायचं, एवढा एकच नियम. एका वेळी अर्धा मिलिमीटर, मग पाचर घट्ट करायची, पाच मिनिटं वाट पाहायची.

तिसऱ्या मिलिमीटरला पूर्वेकडच्या भिंतीतून कडाक्कन आवाज आला.

लाकूड नव्हतं. त्या बाजूचा गिलावा आम्ही फोडलाच नव्हता. सडका भाग उत्तरेच्या भिंतीत होता, म्हणून तेवढ्याच बाजूचं काम धरलेलं. कोपऱ्यावरून वळून गेलेल्या जाळीने दोन्ही भिंती एकत्र बांधून ठेवल्या होत्या. कोपरा उचलत होता आणि शेजारची भिंत त्याला खाली ओढत होती. मिस्त्रीजींनी एका शब्दात जॅक उतरवायला लावला. बरोबरच होतं. तसंच रेटलं असतं तर वरची मानवी खाचेतून उपटली असती, आणि ती परत बसवायची म्हणजे भिंत उघडावी लागते. गिलावा फोडून जाळीचे खिळे एकेक उपटण्यात तीन तास गेले.

त्यानंतर चार मिलिमीटरला कोपरा सुटला. खालच्या थरातले दगड, जे सकाळी पहारीला दाद देत नव्हते, ते हाताने निघाले.

बाहेरची तुळई 1.4 मीटर सडकी निघाली, आतली शाबूत. चांगलं लाकूड लागेपर्यंत कापत गेलो, वर आणखी एक वीत. नवा तुकडा जुन्याला सरळ भिडवायचा नाही. तिरका सांधा करायचा, लांबी तुळईच्या जाडीच्या निदान चौपट, त्यात चार कडील. सांधा कोपऱ्यावर नको, खिडकीखालीही नको. जुळवून पाहताना दोनदा रंधा मारावा लागला.

लाकूड कुठलं, यावर घरात आधी वाद झाला होता. टीडी परवान्यावर, म्हणजे गावकऱ्यांच्या हक्काच्या सवलतीच्या कोट्यातून, मिळालेला देवदार दारात पडून होता, पण तो ओला. ओलं लाकूड वाळताना आडवं आकसतं. पाच इंची तुळई दोन-चार मिलिमीटरने बारीक झाली की कोपरा परत बसणार, म्हणजे दिवसभर उचललं तेवढंच. म्हणून पडक्या गोठ्यातली जुनी तुळई घेतली. दिसायला काळी, घरच्यांना पसंत नव्हती, मापकात 12.

दगड भरताना चपटेच घ्यायचे, आडवे बसवायचे, फटीत चिपा ठोकायच्या. नदीतले गोटे दिसायला छान, पण हादऱ्यात लोळतात. जॅक उतरवताना चढवताना लागला तेवढाच वेळ दिला. पेन्सिलच्या रेघा जुळल्या, एक सोडून. तिथे केसभर फरक राहिला, तो ठेवला. भिंतीलगतचं काँक्रीट फूटभर रुंद कापून चरात खडी भरली. बाहेरून लिंपण नाहीच, आतून माती-शेणाचं.

काढलेल्या तुळईचा गिलाव्याकडचा भागच तेवढा कुजलेला होता, आतलं दोन तृतीयांश लाकूड अजून लालसर, वासाचं. मिस्त्रीजींनी ते चिरून त्याचे कडील करायला घेतले.