जास्त खाल्लेल्या दिवसानंतरची सकाळ

गेल्या महिन्यातील एका रविवारी सकाळी मी वजनकाट्यावर उभी राहिले, तेव्हा काट्याने ८०.३ किलो दाखवले. आदल्या दिवशी सकाळी, त्याच काट्यावर आणि त्याच वेळी, हा आकडा ७८.४ होता. मधल्या चोवीस तासांत घडले होते ते एवढेच की, शनिवारी जवळच्या नातलगांकडे जेवण होते, दुपारी आणि रात्री दोन्ही वेळा मी आडवा हात मारला होता आणि मधल्या वेळेतही गप्पांच्या ओघात समोर जे येत गेले ते खात गेले होते. रात्री घरी परतले तेव्हा पोटाला तडस लागली होती आणि मनाला ती जुनी, ओळखीची रुखरुख. गेली अडीच वर्षे मी वजन कमी करण्याचा प्रयत्न करते आहे, ९१ किलोंपासून इथवर आले आहे, आणि या काळात मला अशा जादा खाण्याच्या दिवसांपेक्षा त्यांच्या दुसऱ्या दिवशी मी जे काही करीत असे त्याने कितीतरी अधिक नुकसान झाले आहे. त्याविषयीच हे लिहिते आहे.

आधी त्या १.९ किलोंचा हिशेब मांडते, कारण तो मांडायला शिकल्यापासून माझी भीती बरीच ओसरली. एक किलो चरबीत साधारण ७,७०० कॅलरी साठलेल्या असतात. म्हणजे एका दिवसात १.९ किलो चरबी वाढण्यासाठी शरीराच्या गरजेपेक्षा १४,६०० हून अधिक कॅलरी जास्त खाव्या लागतील. माझी रोजची गरज दोन हजारांच्या आसपास आहे, त्यामुळे ही सात दिवसांच्या जेवणाइतकी रक्कम झाली, आणि तीही त्या दिवशीच्या गरजेच्या वर. शनिवारी मी मोकळ्या मनाने अंदाज केला तरी ३,८०० कॅलरींच्या पुढे गेले नव्हते. जादाच्या १,८०० कॅलरींपैकी प्रत्येक कॅलरीची चरबी झाली असे धरले, तरी ती अडीचशे ग्रॅमही भरत नाही.

उरलेले दीड किलोपेक्षा जास्त वजन कशाचे, याचे उत्तर मुख्यतः पाणी हे आहे. आपले शरीर पिष्टमय पदार्थांतील साखर ग्लायकोजेनच्या रूपात यकृतात आणि स्नायूंत साठवते. यकृतात सुमारे १०० ग्रॅम आणि स्नायूंत सुमारे ४०० ग्रॅम एवढी ही कोठारे असतात, आणि प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर जवळजवळ तीन ग्रॅम पाणीही साठते. कमी खाण्याच्या दिवसांत ही कोठारे अर्धवट रिकामी असतात आणि एका भरपेट दिवसात ती पुन्हा भरतात. अडीचशे ग्रॅम ग्लायकोजेन परत भरले की पाण्यासकट एक किलो वजन वाढलेले दिसते, आणि त्यात चरबीचा कणही नसतो. त्यात जेवणातून गेलेल्या जादा मिठाची भर पडते, कारण मूत्रपिंडे ते मीठ बाहेर टाकीपर्यंत शरीर त्याच्यासाठी पाणी धरून ठेवते. शिवाय आतड्यांतून अन्नाचा प्रवास पूर्ण व्हायला एक ते तीन दिवस लागतात, म्हणून शनिवारच्या अन्नाचे वजन रविवारी सकाळी बहुतांशी माझ्या पोटातच होते. (पाळीच्या आधीच्या दिवसांत शरीर एरवीही पाणी धरते, जादा खाणे आणि ते दिवस एकत्र आले की काट्यावरचा आकडा आणखीच घाबरवतो, हे स्त्रियांनी लक्षात ठेवावे.)

त्या आठवड्यात मी रोज सकाळचे वजन वहीत लिहून ठेवले. रविवारी ८०.३, सोमवारी ७९.७, मंगळवारी ७९.१, बुधवारी ७८.८, गुरुवारी आणि शुक्रवारी ७८.५, आणि पुढच्या शनिवारी ७८.३. या सहा दिवसांत मी काहीही वेगळे केले नाही. नेहमीचे जेवण, नेहमीचे चालणे. माझ्या आहारात रोज साधारण ४०० कॅलरींची तूट असते. सहा दिवसांची २,४०० होते, त्यातून शनिवारच्या १,८०० वजा केल्या तरी ६०० उरतात. म्हणजे तो आठवडा जवळजवळ जागच्या जागी गेला, पण मागे गेला नाही.

पूर्वी मी हे सहा दिवस असे कधीच जाऊ दिले नसते. पहिल्या वर्षी अशा प्रत्येक शनिवारनंतरच्या रविवारी मी स्वतःला शिक्षा करीत असे. न्याहारी टाळायची, दुपारी जेमतेम चार घास खायचे, संध्याकाळी तासभर अधिक चालायचे, असा बेत असे आणि दुपारी चार वाजेपर्यंत तो नेटाने पार पडे. मग पोटात कावळे ओरडू लागत, डोके जड होई, आणि रात्री दहाच्या सुमारास मी स्वयंपाकघरात, दिवाही न लावता, ओट्याशी उभी राहून डब्यांतले खात असे. त्या खाण्याला चव नसे. पहिल्या दिवशीचे जेवण निदान माणसांत बसून, आनंदाने झालेले असे. या रात्रीच्या खाण्यात फक्त घाई होती आणि कोणी पाहील ही धास्ती होती. सोमवारी पुन्हा शिक्षा, मंगळवारी पुन्हा तेच. ज्या वहीत मी रोजचे खाणे लिहीत असे, तिच्यात अशा दिवसांची पाने मी कोरी सोडत असे. एका एप्रिलमध्ये सलग अकरा पाने कोरी आहेत. सुरुवात एका जेवणाने झाली होती, पण नंतरच्या दहा दिवसांचा त्या जेवणाशी काहीही संबंध नव्हता, आणि त्या वेळी वाढलेल्या वजनात पाण्याबरोबर खरी चरबीही होती.

हा दोष माझ्या एकटीच्या स्वभावाचा नाही, हे मला पुष्कळ उशिरा समजले. पीटर हर्मन आणि डेबोरा मॅक या संशोधकांनी १९७५ साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात काही स्त्रियांना आधी मिल्कशेक देण्यात आला आणि नंतर चव पाहण्याच्या निमित्ताने हवे तेवढे आइस्क्रीम खाण्यास सांगण्यात आले. ज्या एरवी खाण्यावर बंधन घालत नसत, त्यांनी मिल्कशेकनंतर साहजिकच आइस्क्रीम कमी खाल्ले. ज्या सतत पथ्य सांभाळत असत, त्यांनी मात्र मिल्कशेक प्यायल्यानंतर उलट जास्त खाल्ले. पथ्य एकदा मोडले की ‘आजचा दिवस गेलाच’ असे मन ठरवून टाकते आणि मग उरलेल्या दिवसाला कसलाच बांध राहत नाही. व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात काम करणारे मानसशास्त्रज्ञ अॅलन मार्लट यांनीही हीच गोष्ट मांडली होती. एकदा घसरणे आणि पूर्वीच्या सवयीत पुरते परत जाणे या दोन वेगळ्या घटना आहेत, आणि पहिलीचे दुसरीत रूपांतर होते ते बहुधा घसरणाऱ्याने त्या घसरण्याचा जो अर्थ लावला असेल त्यामुळे, असे त्यांचे म्हणणे होते. मी त्या अकरा दिवसांचा लावलेला अर्थ ‘मला हे जमणार नाही’ असा होता.

भुकेचीही बाजू आहे, आणि तिच्याबद्दल आपण फार कमी बोलतो असे मला वाटते. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अॅन्सेल कीज यांनी १९४४-४५ मध्ये ३६ निरोगी तरुणांना, त्यांच्या संमतीने, २४ आठवडे जवळजवळ निम्म्या आहारावर ठेवले होते. त्यांचे वजन सुमारे एक चतुर्थांशाने घटले, दिवसभर त्यांच्या मनात अन्नाखेरीज दुसरा विषय राहिला नाही, आणि बंधन उठल्यावर त्यांच्यातील काही जण भरपूर खाऊनही भूक शमत नसल्याचे सांगत होते. ती माणसे दुबळ्या मनाची नव्हती. माझा प्रयोग अर्थातच इतका कठोर नव्हता; परंतु पहिल्या वर्षी मी रोज सातशे-आठशे कॅलरींची तूट ठेवत होते, आणि वही मागे उलटून पाहिली तेव्हा माझे जादा खाण्याचे बहुतेक दिवस जेवण टाळल्यानंतर किंवा अपुऱ्या झोपेनंतर आलेले दिसले. तूट चारशेवर आणल्यापासून असे दिवस महिन्यातून तीन-चारऐवजी एखादाच येतो. वजन हळू उतरते, पण उतरत राहते.

आता मी काय करते ते सांगते. त्याच रात्री, पोट भरल्याचे लक्षात आले की ताट बाजूला ठेवते. आता खाल्लेच आहे तर हेही संपवू, हा विचार आला की तो मला मिल्कशेकच्या प्रयोगाची आठवण करून देतो. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे सावकाश चालते. कॅलरी जाळणे हा त्यामागचा हेतू नाही, तेवढ्याने त्या जळतही नाहीत. मात्र जेवणानंतर चालल्याने रक्तातील साखर एकदम चढत नाही आणि जडपणा कमी होतो. मग वहीत त्या दिवसाचे खाणे आठवेल तसे लिहून काढते. पाने कोरी ठेवणे बंद केले, हा माझ्या दृष्टीने सर्वांत मोठा बदल आहे, कारण लिहिलेला दिवस कितीही मोठा असला तरी त्याला शेवटची ओळ असते.

दुसऱ्या दिवशी न्याहारी नेहमीच्या वेळी आणि नेहमीएवढी करते, भूक कमी असली तरी. पुढील जेवणांत प्रथिने आणि भाज्या नेहमीप्रमाणे असतील याकडे लक्ष देते आणि दोन जेवणांत चार तासांहून फार मोठे अंतर पडू देत नाही. व्यायाम वाढवत नाही. माझ्या वजनाच्या माणसाला दहा किलोमीटर धावल्यावर फार तर आठशे कॅलरी खर्च करता येतात, आणि एवढे धावून आल्यावर जी भूक लागते ती मला ठाऊक आहे. काट्यावर मी रोज उभी राहते, पण निर्णय सात दिवसांच्या सरासरीवर घेते. आकडा पाहून ज्यांचा सगळा दिवस खराब होतो, त्यांनी चार-पाच दिवस काटा कपाटात ठेवला तरी काही बिघडत नाही.

या सगळ्यात स्वतःशी कसे बोलावे हा भाग मला सर्वांत अवघड गेला. क्लेअर अॅडम्स आणि मार्क लिअरी यांच्या २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पथ्य करणाऱ्या स्त्रियांना आधी डोनट खायला दिला गेला; त्यानंतर ज्यांना असे प्रसंग सर्वांवर येतात, स्वतःला दोष देऊ नका, असे समजावले गेले, त्यांनी पुढे गोळ्या-चॉकलेटे इतरांपेक्षा कमी खाल्ली. मवाळ बोलल्याने माणूस सैल पडेल, ही माझी समजूत त्यामुळे खोटी ठरली. मी माझ्या बहिणीला अशा सकाळी जे म्हणाले असते तेच आता स्वतःला म्हणते: काल जेवलीस, आज न्याहारी कर.

हे सारे क्वचित येणाऱ्या दिवसांना लागू आहे, हे मात्र स्पष्टपणे लिहायला हवे. आठवड्यातून असे दोन दिवस आले, तर उरलेल्या पाच दिवसांची माझी २,००० कॅलरींची तूट संपून वर १,६०० जमा होतात. तेव्हा दुसऱ्या दिवसाकडे पाहून भागत नाही, आठवड्याची रचनाच बदलावी लागते. म्हणूनच ठरवून पाळलेला ‘चीट डे’ मला पटत नाही. त्यात सहा दिवस दाबून ठेवलेली भूक एका दिवशी मोकळी सोडली जाते, आणि आवडीच्या अन्नाला फसवणुकीचे नाव मिळते, जे मला मनापासून खटकते. आवडीचा पदार्थ मी आठवड्यातील कोणत्याही दिवशी, वाटीभर, जेवणातच खाते.

याहून गंभीर स्थिती वेगळी ओळखली पाहिजे. थोड्या वेळात खूप खाल्ले जाणे, त्या वेळी आपला ताबा सुटल्यासारखे वाटणे, भूक नसताना किंवा एकटे लपून खाणे आणि नंतर तीव्र अपराधीपणा वाटणे, हे सरासरीने आठवड्यातून एकदा असे तीन महिने चालले, तर तो एक मानसिक आजार मानला जातो. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ साली आपल्या निदानपुस्तिकेत त्याला स्वतंत्र स्थान दिले आहे. त्यावर उपचार आहेत आणि ते उपयोगी पडतात. ओट्याशी अंधारात उभी राहणारी मी त्या उंबरठ्यापासून फार दूर नव्हते, असे आज वाटते, आणि त्या वेळी डॉक्टरांशी बोलले असते तर एक वर्ष वाचले असते. ज्यांना मधुमेह आहे आणि जे इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेतात, त्यांनी तर भरपाई म्हणून जेवण टाळूच नये, कारण त्यांची साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते.

येत्या शनिवारी पुन्हा जेवणाचे बोलावणे आहे. मी जाणार आहे, आणि भूक राखण्यासाठी सकाळचे खाणे टाळणार नाही. रविवारच्या पानावर आजच तारीख घालून ठेवली आहे आणि तिच्याखाली लिहिले आहे: न्याहारी, साडेआठ वाजता, नेहमीची.