कात्री, नग १

बाबांची कात्री दहा इंची, लोखंडी, मुठीवर सुतळी गुंडाळलेली. सोलापुरात गणवेशाचं काम गल्लोगल्ली चालतं; बाबा घरीच मशीनवर बसून जॉबवर्क करायचे. आई २०१९ मध्येच गेली होती. एप्रिल २०२१ मध्ये बाबांना ताप आला, दवाखान्यात नेलं, आणि थेट फोनच आला. मी चौदाचा, बहीण आठची. खोलीचं भाडं थकलं होतं म्हणून चुलत्यांनी मशीन विकलं आणि आम्हाला गावी नेलं. कात्री मी दप्तरात घातली, कुणाला सांगितलं नाही.

चुलत्यांना मी दोष देत नाही. दीड एकर कोरडवाहू, स्वतःची तीन लेकरं. पण जेवायला बसलं की चुलती भाकऱ्या मोजायची, आणि ते ऐकू येईल असं मोजायची. ऑगस्टमध्ये एका दुपारी बहिणीला घेऊन एसटीत बसलो. आमच्या जुन्या खोलीत दुसरीच माणसं राहत होती, दारात त्यांची सायकल. मग स्टँडवर आलो. तिथं दोन रात्री काढल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी चहावाल्या मावशींनी १०९८ ला, म्हणजे अडचणीतल्या मुलांसाठीच्या हेल्पलाइनला, फोन लावला. त्यांनी पोलिसांना बोलावलं असतं तर मी पळालो असतो, हे त्यांना कसं कळलं कुणास ठाऊक.

अशा मुलांना चोवीस तासांच्या आत बाल कल्याण समितीपुढे न्यावं लागतं. मला वाटलं होतं कोर्ट असेल, पिंजरा असेल. साधं टेबल होतं. पलीकडं अध्यक्ष आणि सदस्य, त्यातल्या एका मॅडमनी आधी विचारलं, "जेवलात का?" चुलत्यांकडे परत जायचं का, हेही विचारलं. मी नाही म्हणालो. नुसतं आमच्या नाही म्हणण्यावर काही ठरत नाही. परिविक्षा अधिकारी गावी जाऊन गृहचौकशी करून, म्हणजे चुलत्यांच्या घरची परिस्थिती बघून आले, मग आदेश निघाला. आदेशात दोन पत्ते होते. मुलांचं बालगृह वेगळं, मुलींचं वेगळं. हे मला कुणीच आधी सांगितलं नव्हतं. बहिणीनं माझ्या शर्टाची बाही धरली ती सुटेना. शेवटी ताईंनी तिची बोटं एकेक करून सोडवली. कायदा का तसा आहे ते आज मला समजतं, तरी भावंडांचा विचार त्यात कमीच झालाय असं माझं मत आहे.

बालगृहात पहिल्या दिवशी सामान तपासलं आणि कात्री सापडली. धारदार वस्तू, ठेवता येत नाही. मी इतका ओरडलो की बाकीची पोरं दारात गोळा झाली. अधीक्षक सरांनी कपाटातून रजिस्टर काढलं, माझ्यासमोर लिहिलं: कात्री, नग १. मला सही करायला लावली. "ही तुझीच आहे, फक्त कुलूप माझं," म्हणाले.

पहिले आठ महिने मी रडलो नाही. समुपदेशक मॅडम दर बुधवारी यायच्या, चित्रं काढायला द्यायच्या, मी रेघोट्या मारून कागद परत द्यायचो. रात्री झोप लागायची नाही, दिवसा वर्गात लागायची. एकदा एका पोरानं आईवरून शिवी दिली तर त्याचा दात पाडला. (तो आज माझा जिगरी आहे. दात नकली आहे.)

कोठीच्या खोलीत कुणीतरी दान दिलेलं शिलाई मशीन धूळ खात पडलं होतं. एका रविवारी सर म्हणाले, पोरांच्या चड्ड्यांच्या शिवणी उसवल्यात, जमतंय का बघ. मी मशीनला तेल घातलं. त्या तेलाचा वास आला आणि मला जे रडू फुटलं ते जेवणाच्या घंटेपर्यंत थांबलं नाही. सर काही बोलले नाहीत. पुढच्या रविवारी त्यांनी कपाट उघडून कात्री माझ्या हातात दिली आणि समोर पेपर वाचत बसले. त्यानंतर दर रविवारी हे ठरूनच गेलं: दहा ते बारा, रांगेत पोरं, हातात उसवलेले कपडे.

बहिणीची भेट महिन्यातून एकदा. सुरुवातीला ती बोलायचीच नाही, माझ्याकडं पाठ करून बिस्किटं खायची.

२०२५ मध्ये अठरा पूर्ण झाले. त्या दिवशीची भीती स्टँडवरच्या रात्रींपेक्षा मोठी होती. अठरानंतर एकविसाव्या वर्षापर्यंत अनुरक्षणगृहात, म्हणजे बालगृहातून बाहेर पडलेल्यांसाठीच्या निवासात, राहता येतं, पण त्यासाठी अर्ज आधीपासून करावा लागतो. मला सरांनी सतराव्या वर्षीच बसवून भरायला लावला. अनाथ प्रमाणपत्राचंही तेच. राज्यात २०१८ पासून अनाथांना शिक्षणात आणि नोकरीत एक टक्का आरक्षण आहे, पण हातात कागद नसेल तर ते असून नसल्यासारखं. तुमच्या ओळखीत असं कुणी पोर असेल तर अठराव्या वाढदिवसाची वाट बघू नका. निघताना त्याच रजिस्टरच्या त्याच ओळीपुढे लिहिलं, "मिळाली", आणि सही केली. आधीच्या सहीपेक्षा बरीच बरी आली.

आता पुण्यात आहे. दिवसा शिलाईच्या कारखान्यात, संध्याकाळी बारावीचा अभ्यास. बहीण अजून सोलापुरातच, सातवीत. तिला माझ्याकडे आणायचं तर आधी मला खोली हवी, पगार हवा, आणि समितीला ते पटायला हवं. यंदा जूनमध्ये तिचा गणवेश मीच शिवून नेला. घालून बघितला, आरशासमोर वळली आणि खालची दुमड उलटी करून म्हणाली, "एवढी माया कशाला ठेवलीस?"

"वाढतेयस ना," म्हटलं.