अंगठ्याचा ठसा

शनिवार, रात्री साडेदहा

आज जे.जे. कला महाविद्यालयात जाऊन आले. वार्षिक प्रदर्शन आहे म्हणून तिथे शिकणाऱ्या मैत्रिणीचा आठवडाभर मेसेज येत होता, ‘येशील ना?’ काल मात्र ‘नाही जमलं तरी चालेल गं’ असं आलं. शाळेपासून ओळखते तिला. ती ‘चालेल’ म्हणाली की जायलाच हवं.

सीएसएमटीला उतरून चालत गेले. वाटेत क्रॉफर्ड मार्केटच्या दारावरची दगडातली कोरीव चित्रं मुद्दाम थांबून पाहिली. ती लॉकवुड किपलिंगची, आणि तो समोरच्या जे.जे.त शिकवायचा, हे तिनेच कधीतरी सांगितलं होतं.

पेंटिंगचे वर्ग भराभर पाहिले, खरं सांगायचं तर लक्ष सिरॅमिककडेच होतं. तिथे एका लांब टेबलावर तिचे बिनकानाचे पेले मांडलेले. सगळे वेगळे, थोडे वाकडे, मातकट राखाडी. प्रत्येकाच्या पोटाला एकच खळगा आणि तेवढ्या खळग्यात निळं ग्लेझ, म्हणजे काचेसारखा चकचकीत लेप, पाणी साठल्यासारखा.

एकदम आठवलं. दिवाळीच्या आधी तिने ओला पेला माझ्यापुढे धरला होता, ‘चहा पिताना धरतेस तसा धर, आणि अंगठा दाब.’ मी दाबला आणि विसरूनही गेले. तिने अशी चाळीस माणसं गाठली होती. आई, हॉस्टेलच्या मावशी, स्टेशनबाहेरचा चहावाला. नऊ पेले भट्टीत तडकले, आत ओल राहिली होती. टेबलावर एकतीस होते.

माझा मला सापडला. अंगठ्यावर लहानपणी विळीने कापल्याची तिरकी रेघ आहे, ती ग्लेझखालून दिसत होती. ‘हात लावू नये’ची पाटी होती, पण तीच म्हणाली, ‘लाव.’ लावला तर अंगठा मावेना. ती म्हणाली, माती वाळताना आकसते, भाजताना आणखी आकसते, शंभरातले दहा-बारा भाग तरी जातात. मी नुसती ‘हो’ म्हणाले. घसा दाटून आला होता.

तेवढ्यात एक गृहस्थ ‘पोरांचंच काम आहे’ म्हणत पुढे गेले. एक पेलासुद्धा नीट न बघता! मला फार राग आला. ती शांत होती. म्हणाली, शिल्पकार म्हात्र्यांनी ‘मंदिरपथगामिनी’ हा पुतळा घडवला १८९६ साली, तेव्हा तेही इथले विद्यार्थीच होते. हे ती मला सांगत होती की स्वतःला, कोण जाणे.

मग मी तिथेच थांबले. येताना ‘छान झालंय’ म्हणायचं ठरवून आले होते, ते म्हटलंच नाही. एकेक पेला बघत गेले आणि हा कोणाचा, तो कोणाचा, विचारत राहिले. तीही सांगत राहिली. एका पेल्यावरचा ठसा इतका खोल होता की भिंत पातळ होऊन उजेड आत येईलसं वाटलं. तो तिच्या बाबांचा. त्यांना जोर किती लावायचा ते कळलंच नव्हतं. हे सांगताना तिने तो पेला किंचित फिरवून पुढे ठेवला.

निघताना म्हणाली, ‘प्रदर्शन उतरलं की तुझा तू ने. पण शोकेसमध्ये ठेवायचा नाही हं, चहा प्यायचा.’

घरी आल्यावर आईने चहा दिला. कपाला अंगठा कुठे टेकतो ते बघत बसले. चहा गार झाला.