साहेबाचे नवे वर्ष

एक जानेवारीच्या दुपारी एका दाखल्याच्या कामासाठी सरकारी कचेरीच्या व्हरांड्यात बसलो असताना समोरून पुष्पगुच्छांची रीघ लागली होती. आत गेलेला प्रत्येक गुच्छ फोटो उरकून दोन मिनिटांत बाहेर येई आणि शिपाई तो बाकाखाली सरकवून देई. भिंतीलगतच्या टेबलावर ‘पुष्पगुच्छाऐवजी वह्या-पुस्तके आणावीत’ अशी पाटी उभी होती. तिलाही कोणीतरी एक गुच्छ टेकवून ठेवला होता. येणाऱ्यांत संस्थाचालक होते, कंत्राटदार होते, एखाददुसरे माजी सभापतीही असावेत. ‘हॅपी न्यू इयर, सर’ एवढे सगळे खणखणीत म्हणत. त्यानंतरचे वाक्य मात्र मराठीत आणि खालच्या पट्टीत येई, आणि त्यात ‘ते आपले प्रकरण’ हे शब्द हमखास असत.

माझा दाखला राहिला बाजूला आणि मन गेले ते थेट इंग्रजी अमदानीतल्या रावसाहेबांकडे. पागोटे नीट बसवून, उपरण्याची घडी सांभाळत, साहेब जिल्ह्याच्या गावी असला तर बंगल्यावर आणि थंडीच्या दौऱ्यावर असला तर तंबूपर्यंत जाऊन ही मंडळी त्याला त्याच्या नव्या वर्षाचे शुभ चिंतीत. त्याच्या, कारण त्यांच्या स्वतःच्या घरी त्या दिवशी काहीच नवे होत नसे. गुढी चैत्रात उभी राहायची, व्यापाऱ्याची वही दिवाळीत बदलायची, जुन्या दफ्तरांतला फसली सन मृगाबरोबर पालटायचा. खुद्द सरकारचे हिशेबी वर्षदेखील आधी मे महिन्यात आणि 1867 पासून एप्रिलमध्ये सुरू होई. एवढी वर्षे हाताशी असताना शुभेच्छा द्यायच्या त्या पौषाच्या आसपासच्या एका थंड सकाळी, जिचा आपल्या पंचांगाशी काडीचा संबंध नाही, हे त्या मंडळींना कधी विचित्र वाटले असेल का? मला वाटते, नसावे. हाकिमाचा सण तो आपला सण, ही समजूत इंग्रजांच्या आधीपासून चालत आलेली होती.

उत्तरेकडे नाताळात आणि नव्या वर्षाला साहेबाकडे ‘डाली’ जाई. फळे, फुले, सुका मेवा यांनी सजवलेली ती परडी असे. सरकारी नोकराने भेटी घेऊ नयेत असा नियम होता, पण फळे-फुले आणि तत्सम किरकोळ वस्तूंना त्यातून सूट होती. नियम करणाऱ्याला फळांच्या खाली काय काय मावू शकते याची कल्पना नसेल, असे मानण्याइतका मी भोळा नाही. दरबारातल्या नजरेची, म्हणजे नजराण्याची, तऱ्हा वेगळी होती. मोहरा रुमालावर ठेवून पुढे करायच्या, साहेबाने त्यांना नुसता हात लावायचा, की नजर माफ आणि मोहरा पुन्हा कनवटीला. संस्थानिकांचे खलिते तर सोन्याची भुकटी शिंपडलेल्या अफशानी कागदावर लिहून किनखापी थैलीतून निघत. कोणाला कोणता किताब लावायचा आणि मायना किती लांबवायचा, हे दर्जाप्रमाणे ठरलेले असे. मुशफिक, मेहेरबान, करमफर्मा असे करत करत मजकुराला पोहोचेपर्यंत वाचणाऱ्याला धाप लागावी.

आमच्या तालुक्याच्या गावी संक्रांतीला मामलेदारांकडे तिळगुळाचे ताट जायचे. घरचा हलवा, त्यावर आईने विणलेला क्रोशाचा रुमाल, आणि ताट धरायला मी. आजोबा स्वतः कधीच गेले नाहीत. ‘मोठ्या माणसाने नेले तर मागायला आला म्हणतात, पोराने नेले की सण होतो’, असे ते म्हणत. मामलेदारीणबाई ताट रिकामे परत पाठवत नसत. त्यात चिमूटभर का होईना साखर घालत, आणि ती साखर घरापर्यंत कधी पोहोचली नाही. आमचे आणि मामलेदारांचे काही काम होते की नव्हते, हे मला आजही माहीत नाही. असेलही. वडिलांच्या जमिनीचा एक फेरफार बराच काळ रखडला होता, एवढे आठवते.

साहेबाकडून परत येणारी साखर निराळी होती. नव्या वर्षाच्या पहिल्याच दिवशी रावसाहेब, रावबहादूर, खानबहादूर यांची यादी जाहीर होई. म्हणजे शुभेच्छा आणि त्यांची पोच यांची तारीख एकच. यंदा नाव आले नाही तर निराश होण्याचे कारण नसे, कारण राजाच्या वाढदिवसाला आणखी एक यादी यायची आणि तोवर पुन्हा एकदोनदा बंगल्यावर जाता येई. या मंडळींना हसणे सोपे आहे. पण चौकाचौकांत शुभेच्छांपेक्षा शुभेच्छुकाचा चेहरा दसपट मोठा छापणाऱ्या फलकांच्या काळात आपण त्यांना हसावे, हे मला जरा जड जाते.

त्यातही एक जण वेगळा निघाला. 1 जानेवारी 1877 रोजी दिल्लीत लॉर्ड लिटनने दरबार भरवला आणि व्हिक्टोरिया राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी झाल्याचे जाहीर झाले. राजेरजवाडे जरीच्या पोशाखांत आले होते. पुण्याच्या ‘सार्वजनिक सभा’ या संस्थेतर्फे गणेश वासुदेव जोशी तिथे गेले ते हातच्या सुताच्या पांढऱ्या कपड्यांत. सभेचे मानपत्र रीतीप्रमाणे अदबशीरच होते, पण त्याच्या पोटात मागणी होती: राणीच्या ब्रिटिश प्रजेला जो राजकीय आणि सामाजिक दर्जा आहे, तोच हिंदी प्रजेला मिळावा. पुढे 1888 साली पुण्यात ड्यूक ऑफ कनॉटसाठी मेजवानी झाली, तेव्हा जोतीराव फुले शेतकऱ्याच्या वेशात गेले आणि इथे जमलेले दागिन्यांनी मढलेले लोक म्हणजे हिंदुस्थान नव्हे, असे राणीच्या मुलाला तोंडावर सांगून आले. अभिनंदनाच्या प्रसंगी मागणे मागायचे असते, हे या दोघांनाही ठाऊक होते. फक्त ते खालच्या पट्टीत आणि स्वतःपुरते मागितले नाही.

दिल्लीत शामियाने उभे राहत होते, त्याच थंडीत पुणे, सोलापूर, नगर, सातारा या जिल्ह्यांत पावसाने दगा दिला होता आणि गावेच्या गावे दुष्काळी कामांवर खडी फोडत होती. सार्वजनिक सभा गावोगावची माहिती गोळा करून मुंबई सरकारला पत्रांमागून पत्रे पाठवत होती. दरबाराचा खर्च थांबला नाही. जोशी पुण्याला परतले. लोकांनी त्यांना ‘सार्वजनिक काका’ हे नाव दिलेले होते आणि तेच त्यांना शेवटपर्यंत राहिले.