सबट्रॅक्शनमध्ये काळा

"मॅडम, दोन्हीकडं गाठी हायत म्हणायलेत. पिशवीसकट समदं काढावं लागतंय का?" वडिलांनी दारातच विचारलं. लेकीचं वय २७, लग्नाला पाच वर्षं, मूल नाही. औसा तालुक्यातून लातूरला आमच्या एमआरआय सेंटरवर आले होते. सोनोग्राफीत दोन्ही अंडाशयांत गाठी, उजवीत घट्ट भागाची शंका. सीए-१२५, म्हणजे अंडाशयाच्या कॅन्सरमध्ये वाढणारी रक्ततपासणी, साधारण ३५ च्या आत हवं, तिचं दीडशेच्या पुढे. गावात कॅन्सर हा शब्द आधीच फिरलेला.

मी तिला पाळीबद्दल विचारलं. ती आईकडे बघून म्हणाली, "पहिल्यापासून लई दुखतंय. उठता येत नाही." आई म्हणाली, "बाईच्या जातीला दुखतंच की." हे वाक्य मी मराठवाड्यात इतक्यांदा ऐकलंय की आता राग येतो.

एमआरआयच्या टी-वन प्रकारच्या चित्रांवर दोन्ही गाठी पांढऱ्याशुभ्र. पांढरं म्हणजे चरबी किंवा जुनं रक्त. चरबीचा सिग्नल दाबणारा सिक्वेन्स लावला. डर्मॉइड, म्हणजे चरबी असलेली गाठ, असता तर काळा पडला असता. या तशाच चमकत राहिल्या. टी-टू या दुसऱ्या प्रकारच्या चित्रांवर मात्र झाकोळलेल्या. म्हणजे जुनं, दाट रक्त, चॉकलेट सिस्ट: गर्भाशयाच्या अस्तरासारखं ऊतक बाहेर वाढण्याच्या आजारातली, एंडोमेट्रिओसिसमधली गाठ. दोन्ही अंडाशयं गर्भाशयामागे एकमेकांना चिकटलेली.

पण खरा प्रश्न त्या घट्ट भागाचा होता. एंडोमेट्रिओसिसमध्येही सीए-१२५ अनेकदा वाढतं, म्हणून त्यावर मी फार विसंबत नाही. क्वचित अशा सिस्टमध्येच कॅन्सर उगवतो, आणि चित्रात पांढऱ्या दिसणाऱ्या रक्तात कॉन्ट्रास्टच्या इंजेक्शनचा पांढरेपणा डोळ्यांना कळत नाही. म्हणून इंजेक्शननंतरच्या चित्रांतून आधीची चित्रं वजा करायची, हेच सबट्रॅक्शन. रक्तपुरवठा असलेला भाग तेवढा उजळ उरतो. तिथे तो भाग पूर्ण काळा होता. रक्ताची गुठळी! गाठी एकेकाच कप्प्याच्या, आत जिवंत ऊतक नाही: अंडाशयाच्या गाठीचा धोका सांगणाऱ्या ओ-रॅड्स एमआरआय मोजपट्टीवर स्कोअर २, कॅन्सरची शक्यता अर्ध्या टक्क्याहून कमी.

मी तिघांना आत बोलावलं. "कॅन्सरसारखं काही दिसत नाही. पण हिचं दुखणं खरं आहे, आणि मूल न राहण्याचं कारणही बहुधा हेच." आई काहीच बोलली नाही. पोरगी रडली.

अंडाशय गर्भाशयाला नि आतड्याला कुठे चिकटलंय ते रिपोर्टमध्ये सविस्तर लिहिलं. मग तिच्या स्त्रीरोगतज्ज्ञांना फोन केला: ऑपरेशनचा विचार असेल तर आधी एएमएच, म्हणजे अंडाशयात बीजांचा साठा किती उरलाय ते सांगणारी रक्ततपासणी, करून घ्या, सिस्ट सोलताना निरोगी बीजंही जातात. त्यांनी दुसऱ्याच दिवशी तपासणीला पाठवलं.